काळ्याला सोनेरी दे

डोंबिवली,
रविवार

चि. निनाद यास,


तुझा फोन आला तेव्हा कुकर चढवलेला होता, म्हणून धड बोलणं झालं नाही. काळ्या एंजल माशांची तिसरी वीणही गेली म्हणालास. तू हीटरला बोल लावलास, पाण्याला लावलास. मला विचारशील तर खोट जोडीतच आहे.

गर्द काळ्या एंजलकडे काळेपणाचं जनुक दोन्हीकडून आलेलं असतं, आईकडूनही आणि बापाकडूनही. अशा दोन काळ्यांची पिल्लं मुळात नाजूक. पोहायला लागता लागता गळतात. एकाच बाजूने आलं आणि दुसरीकडून साधा चंदेरी रंग आला तर मासा धुरकट होतो, ज्याला आपण ब्लॅक लेस म्हणतो. तुझ्या काळ्याला तू सोनेरी मादी दे. पिल्लं सगळी काळीच होतील, पण दणकट. सोनेरी रंग त्यांच्या अंगात दडून बसेल आणि त्यांच्यात आपापसात जोड्या लावल्यास तर नातवंडांत साधारण चौथा हिस्सा सोनेरी निघेल.

हे दडून बसणं मी घरीच पाहिलंय. माझी पहिली जोडी साधी चंदेरी, अंगावर काळे पट्टे. ६४ पिल्लं वाचली, त्यांतली १५ सोनेरी! शेजारच्या वहिनी म्हणाल्या, ‘अदलाबदल झाली असेल.’ तेव्हापासून वही घातली : कोणाची कोणाशी जोडी, कितव्या दिवशी काय, किती कशी निघाली. नुसत्या रंगावरून जोडी लावणाऱ्यावर माझा विश्वास नाही.

अर्थात लावतो आपण, जमवतात तेच. आणि नर-मादीचं म्हणशील तर अंडी घालायच्या वेळी पोटाखाली येणारी नळी पाहिल्याशिवाय खात्री नाही : मादीची जाड, बोथट, नराची बारीक, टोकदार. माझ्या दोन माद्यांनी चार महिने एकमेकींशी संसार केला. टाकीत ठेवलेल्या स्लेटवर अंडी घालायच्या, पंखांनी वारा घालायच्या, आणि दोन दिवसांत सगळी अंडी पांढरी!

आता पिल्लांचं. २७-२८ अंशांवर अंडी दोन-अडीच दिवसांत फुटतात. मग पिल्लं डोक्याकडून स्लेटला चिकटलेली आणि शेपट्या सारख्या वळवळत असलेल्या. या दिवसांत काही खायला घालू नकोस, बलकाची शिदोरी त्यांच्या पोटाशी असते. अंडी घातल्यापासून सातव्या दिवसाच्या सुमारास ती सुटून पोहू लागतात, तेव्हा आर्टेमिया, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या कोळंबीची बारीक पिल्लं, तयार हवा. लिटरभर पाण्यात २५ ग्रॅम मीठ (आयोडीनवालं नको), त्यात आर्टेमियाची अंडी, खालून हवा, आणि एक दिवस थांब. मग हवा बंद करून तळाशी बॅटरीचा उजेड धर. टरफलं वर तरंगतात, जिवंत कण उजेडाकडे खाली गोळा होतात. ते तेवढे बारीक नळीने ओढून घे आणि गोड्या पाण्याने धुऊन दे. दहा मिनिटांनी भिंग घेऊन बघ. काचेसारख्या अंगात पोटं नारिंगी दिसली की पोरं जेवली. मी पहिल्या खेपेला उकडलेल्या अंड्याचा बलक कालवून घातला होता. संध्याकाळपर्यंत पाणी नासलं आणि सकाळी टाकीत एकही हालचाल नव्हती. ती चूक सर्वस्वी माझी.

ज्यांच्या कल्ल्यांची झाकणं उघडी राहतात किंवा खालचे लांब तंतू वाकडे येतात, ती हौसेने पाळ, पण विणीला ठेवू नकोस. कुर्ल्याच्या रविवारच्या बाजारात तसलेही खपतात, पण म्हणून आपण द्यायचे नाहीत.

माझ्याकडे अंडी घालून झालेल्या तीन सोनेरी माद्या आहेत. तिन्ही घेऊन जा. तुझा नर एकीला पसंत करील. तुझी काळी मादी मात्र आधीच दुसऱ्या टाकीत हलव, त्याच्या नजरेआड. येण्याआधी दोन दिवस कळव. निघायच्या आदल्या दिवशी मी त्यांना उपाशी ठेवते, म्हणजे नाशिकपर्यंत पिशवीतलं पाणी खराब होत नाही.

तुझी
आत्या