परभणीतील हौशी सुतारकाम : माळवदाची तुळई आणि पोथीची ठवणी

परभणी जिल्ह्यातील हौशी सुतारकामाचा विचार करताना प्रथम हे लक्षात घ्यावे लागते की, हा छंद जेथे रुजला आहे तो लाकडाचा मुलूख नव्हे. गोदावरी, पूर्णा आणि दुधना या नद्यांच्या खोऱ्यांतील काळ्या कापसाच्या जमिनीवर वसलेल्या या जिल्ह्यात वनक्षेत्र अगदी तुटपुंजे असून, जिंतूर तालुक्यातील डोंगराळ पट्टा सोडला तर झाड म्हणजे बांधावरची बाभूळ, कडुनिंब, चिंच आणि आंबा, असेच चित्र पूर्वापार दिसते. असे असूनही येथील हौशी कारागिराच्या हाती जे सागवान पडते, ते पुण्या-मुंबईच्या लाकूडबाजारात पैसे मोजूनही सहसा मिळत नाही. त्याचे कारण जंगलात नाही. ते पाडल्या जाणाऱ्या घरांत आहे.

मराठवाड्यातील जुनी घरे माळवदाची असत. माळवद म्हणजे मातीचे सपाट छत. लाकडी खांबांवर तुळया, तुळयांवर आडव्या कड्या, कड्यांवर लाकडी फळ्यांचा किंवा चिपांचा थर आणि त्याच्यावर पाला-पाचट अंथरून पांढऱ्या मातीचा जाड थर, अशी त्याची रचना असे. घर किती मोठे हे खणांवर, म्हणजे दोन तुळयांमधील अंतरांच्या संख्येवर, सांगितले जाई. उन्हाळ्यात पारा त्रेचाळीस अंशांपलीकडे जाणाऱ्या या भागात असे छत थंड राहते हे खरे असले, तरी त्याचे वजन प्रचंड असते आणि ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात दगड-मातीच्या भिंती ढासळून नेमके तेच वजन झोपलेल्या माणसांवर कोसळले. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतील त्या हानीनंतर माळवदाविषयीचा विश्वास सगळ्याच मराठवाड्यात डळमळला. हातात पैसा आला की माळवद उतरवून स्लॅब टाकायचा, हा क्रम परभणी, पाथरी, मानवत, गंगाखेड अशा गावांतून आजही चालू आहे. उतरलेल्या तुळया जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याकडे जातात, काही दारा-खिडक्यांच्या चौकटी होतात आणि उरलेल्या, खेदाची गोष्ट अशी की, जळणात जातात.

प्रस्तुत लेखकाच्या सुतारकामाची सुरुवात अशाच एका तुळईपासून झाली. गणिताच्या अध्यापनातून निवृत्त झाल्यावर पाथरी तालुक्यातील वडिलोपार्जित घराचे माळवद उतरवले गेले, तेव्हा वाटणीला आलेले लाकूड विकण्याऐवजी परभणीतील घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आणून ठेवण्यात आले. अशी तुळई प्रथमदर्शनी लाकूड वाटतच नाही. चुलीच्या धुराने तिच्यावर डांबरासारखा काळा लेप चढलेला असतो, वरच्या अंगाला माती चिकटलेली असते आणि पाळण्यासाठी, कंदिलासाठी, शिंक्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या ठोकलेले खिळे आत मोडून राहिलेले असतात. म्हणून कोणतेही हत्यार लावण्यापूर्वी तारेच्या ब्रशने माती काढणे, मग स्पीकरमधून काढलेले जुने लोहचुंबक दोऱ्याला बांधून संपूर्ण लांबीवर हळूहळू फिरवणे आणि जेथे ते ओढले जाईल तेथे खडूने फुली मारणे, हे काम सक्तीचे ठरते. खिळ्याभोवतीचे लाकूड बहुधा काळेनिळे पडलेले आढळते, कारण लाकडातील टॅनिन हे तुरट द्रव्य आणि लोखंड यांचा ओलाव्यात संयोग होऊन शाईसारखा रंग तयार होतो. खिळे निघाल्यावर रंध्याचे पहिले काही हात राखाडी भुकटीच काढतात. त्यानंतर मात्र सोनेरी-तपकिरी ढलपी सुटू लागते आणि सागाच्या तेलाचा उग्र, कातड्यासारखा वास शेडभर पसरतो. अनेक दशके छताखाली वाळलेले हे लाकूड बहुतेक मध्यकाष्ठ असते. मध्यकाष्ठ म्हणजे खोडाचा आतला, रसवहन थांबलेला कठीण भाग. त्याच्या बाहेरच्या फिकट रसकाष्ठात पिष्ट अधिक असल्याने भुंगा आधी तेथे शिरतो.

या छंदाकडे वळलेली माणसे कोणत्या पार्श्वभूमीची आहेत, हे पाहणे उद्बोधक ठरते. परभणी, पूर्णा, मानवत आणि सेलू येथील जी हौशी मंडळी अधूनमधून रविवारी एकमेकांच्या शेडमध्ये जमतात, त्यांच्यात एक निवृत्त बँक अधिकारी आहेत, कृषी विद्यापीठाच्या सेवेतून निवृत्त झालेले एक तंत्रज्ञ आहेत, जिनिंग कारखान्यात यंत्रदुरुस्ती करणारे एक गृहस्थ आहेत आणि पूर्णा जंक्शनवर नोकरी केलेले एक रेल्वे कर्मचारी आहेत, ज्यांच्यामुळे या मंडळींना मीटरगेजच्या काळातील लाकडी स्लीपरचे महत्त्व आणि धोका, दोन्ही समजले. रुळांखालचे हे ओंडके टणक खरे; परंतु ते कुजू नयेत म्हणून त्यांत क्रिओसोट हे डांबरजन्य रसायन मुरवलेले असल्याने बाकाचे पाय त्यातून करावेत, पोळपाट कधीही करू नये, असा त्यांचा दंडक आहे. सेलूच्या एका प्राथमिक शिक्षिकेचे उदाहरण सर्वांत वेगळे म्हणावे लागेल. त्या सुताराच्याच घरात वाढल्या, वडिलांच्या हाताखाली भाऊ शिकले, मुलीच्या हाती मात्र वाकस, म्हणजे लाकूड तासण्याचे हत्यार, कधी दिला गेला नाही. आता चाळिशी ओलांडल्यावर वडिलांचीच हत्यारे त्यांनी माळ्यावरून काढून गंज उतरवून वापरात आणली आहेत आणि कूस बसवण्यात या मंडळीत त्यांचा हात कोणी धरू शकत नाही. (कूस म्हणजे एका लाकडाच्या टोकाला कोरून काढलेली जीभ, ती दुसऱ्या लाकडातील खाचेत ठोकून बसवली की खिळ्याविना सांधा होतो.)

हौशी कारागीर आणि सुतार यांच्यातील अंतर येथे स्पष्ट करणे आवश्यक आहे. सुतार हा गावगाड्यातील बलुतेदार, म्हणजे वर्षभराच्या सेवेबद्दल सुगीत खळ्यावर धान्याचा ठरावीक वाटा घेणारा कारागीर होता. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ च्या ‘गावगाडा’ या ग्रंथात या व्यवस्थेचे सविस्तर वर्णन आहे. नांगर, वखर, तिफण आणि बैलगाडी यांची घडण व दुरुस्ती हे त्याचे मुख्य काम होते, फर्निचर हे नव्हे. किर्लोस्करांचा लोखंडी नांगर विसाव्या शतकाच्या आरंभी बाजारात आला, पुढे लोखंडी अवजारे आणि ट्रॅक्टर आले, आणि शेतीचे लाकूडकाम सुटत गेले तसा सुतार चौकटी-पलंगांकडे आणि अलीकडे प्लायवूड व सनमायक्याकडे वळला. परिणामी वाकस चालवणारा अखेरचा पिढीजात हात आज सत्तरीच्या घरात आहे, त्याचा मुलगा मॉड्युलर किचन बसवतो आणि ते जुने कसब शिकायला त्याच्या दाराशी येतो तो निवृत्तिवेतनधारक हौशी माणूस. ही स्थिती विचित्र असली तरी तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. मात्र हौशी माणसाने एक गोष्ट विसरता कामा नये की, त्याचा तास फुकटचा आहे आणि सुताराचा नाही.

वाकस हे हत्यार या मंडळीत सर्वांत लाडके आहे, आणि त्याचे कारण केवळ जुन्याचे प्रेम नाही. दांड्याला आडवे पाते असलेल्या या हत्याराने लाकूड स्वतःच्या दिशेने तासले जाते, तर पात्याच्या मागील जाड बोथट बाजूने हातोडीचे काम होते. म्हणजे एकाच हत्यारात तासणे, फोडणे आणि ठोकणे साधते. परभणीच्या बाजारात तयार वाकस मिळतो, परंतु जाणकार माणूस रस्त्याकडेला पाल ठोकून बसणाऱ्या घिसाडी कारागिराकडून ट्रकच्या जुन्या पाट्याच्या पोलादाचा करवून घेतो, कारण स्प्रिंगसाठी बनवलेले ते पोलाद धार धरते आणि चिरफळत नाही. दांडा बाभळीचा असावा याविषयी दुमत आढळत नाही. बाभूळ धक्का सोसते, म्हणूनच गाडीचा तुंबा, म्हणजे चाकाचा मधला गड्डा, तिचाच करीत. ती ताजी असताना काही महिने पाण्यात बुडवून ठेवण्याची जुनी रीतही शास्त्राला धरून आहे, कारण त्यामुळे तिच्यातील किडीला खाद्य ठरणारी द्रव्ये पाण्यात उतरतात.

रंध्याच्या बाबतीत मात्र मते विभागलेली आहेत. लाकडी अंगाचा देशी रंधा हलका आणि घरी दुरुस्त होणारा असतो. लोखंडी रंध्याचे पाते चाकी फिरवून सुताच्याही अंशाने पुढे-मागे करता येते. (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, परभणीतील कोणत्याही वखारीत आजही माप सुतातच बोलले जाते.) लोखंडी रंध्याची ही घडण मूळ अमेरिकेतील लिओनार्ड बेली यांची; स्टॅन्ले कंपनीने १८६९ मध्ये त्यांचा व्यवसाय विकत घेतल्यावर ती जगभर पसरली आणि पुढे जालंधरसारख्या भारतीय हत्यार-केंद्रांनीही उचलली. प्रस्तुत लेखकाचे मत असे की, हा वाद पुष्कळसा व्यर्थ आहे, कारण दोन्ही रंधे धारेवाचून सारखेच निकामी असतात. पाते सुमारे पंचवीस अंशांच्या उताराने निसण्यावर घासत राहिले की उलट्या बाजूस बोटाला एक बारीक खरखरीत कड जाणवू लागते. ती लागली म्हणजे उतार टोकापर्यंत पोहोचला. मग पाते पालथे करून सपाट धरून ती कड उतरवायची आणि वर्तमानपत्राच्या कागदाची सुटी कड पात्यावर टेकवून पाहायची. कागद न फाटता कापला गेला, तर बाभळीच्या गाठीवरही रंधा अडखळत नाही. नवशिक्यांपैकी निम्मे लोक हत्याराला दोष देतात तो या एका कामाच्या कंटाळ्यापायी.

कार्यशाळा या शब्दाने डोळ्यांसमोर जे भव्य चित्र उभे राहते, त्याच्याशी येथील वास्तवाचा फारसा संबंध नाही. बँक अधिकाऱ्यांचे काम इमारतीच्या वाहनतळातील एका कोपऱ्यात चालते, जिनिंगवाल्यांचे शेतातील आखाड्यावर, आणि शिक्षिकेचे अंगणात. खरा फरक जागेचा नसून बैठकीचा आहे. देशी सुतार जमिनीवर बसून लाकूड पायाने दाबून काम करतो, त्यामुळे त्याला शिकंजा लागत नाही आणि त्याची सगळी कार्यशाळा एका पोत्यात मावते. युरोपीय पद्धतीत उभ्याने, जड मेजावर आवळलेल्या लाकडावर काम होते. साठी ओलांडलेल्या गुडघ्यांचा प्रश्न आला की मेज जिंकते, हे कबूल करावे लागते, परंतु वाकस मेजावर चालत नाही. म्हणून बहुतेकांच्या शेडमध्ये मेजाशेजारी जमिनीत पुरलेला बाभळीचा ओंडकाही दिसतो.

विजेच्या यंत्रांविषयी येथे फार बोलण्यासारखे नाही. गोल करवत आणि ड्रिल ही यंत्रे जवळपास सर्वांकडे आहेत, भारनियमनाच्या वेळी ती गप्प बसतात, आणि त्यांच्यामुळे उडणाऱ्या बारीक धुळीकडे दुर्लक्ष होते हीच काय ती तक्रार. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच लाकडाची धूळ कर्करोगकारक ठरवली असल्याने नाकावर मुसके बांधणे हा भित्रेपणा नव्हे.

हवामानाचा परिणाम मात्र विस्ताराने सांगायला हवा. लाकूड लांबीत जवळजवळ बदलत नाही, परंतु रुंदीत ते हवेतील ओलाव्यानुसार फुगते व आकसते, आणि वाढ-वलयांना स्पर्शून जाणाऱ्या दिशेतील हा बदल त्रिज्येच्या दिशेतील बदलाच्या साधारण दुप्पट असतो. परभणीत मे महिन्याची हवा पापडासारखी कोरडी आणि ऑगस्टची दमट. म्हणून मेमध्ये घट्ट बसवलेला देव्हाऱ्याचा खण पावसाळ्यात उघडत नाही आणि पावसाळ्यात बेतशीर केलेला उन्हाळ्यात खडखडतो. या मंडळींचा शहाणपणाचा पायंडा असा की, रुंद फळी कधीही खिळ्यांनी चारी बाजूंनी जखडायची नाही, तिला खाचेत मोकळी सरकू द्यायची.

या सर्व कौशल्यांची एकत्र परीक्षा घेणारी वस्तू म्हणजे ठवणी, अर्थात पोथी वाचण्यासाठीची दुमडती घोडी. संत जनाबाईंच्या गंगाखेडच्या या जिल्ह्यात पारायणांचा प्रघात मोठा असल्याने तिला मागणीही असते. ती एकाच फळीची असते. तिच्यात खिळा, बिजागरी किंवा सरस काहीही नसते. सुमारे दोन फूट लांब आणि आठ सूत जाड फळीच्या मध्याशी दोन्ही बाजूंनी सारख्या रुंदीची बोटे आखून पटाशीने ती एकाआड एक गोलवट कोरली जातात, त्यानंतर दोन्ही टोकांकडून फळीची जाडी मधोमध चिरत करवत बोटांपर्यंत आणली जाते, आणि शेवटचे धागे सुटले की फळी उघडून तिच्या परस्परांत अडकलेल्या दोन पाखा होतात. जाडी चिरताना करवत भरकटत गेली तर एक पाख फार पातळ होते आणि फळी वाया जाते. सेलूच्या शिक्षिकांनी माळवदाच्या एका कडीतून काढलेल्या ठवणीवर आज त्यांच्याच घरी ज्ञानेश्वरी असते, आणि त्या कडीचा दुसरा तुकडा त्यांनी वडिलांना शिकवणारे जे वृद्ध सुतार अद्याप हयात आहेत, त्यांच्याकडून रीतसर मजुरी देऊन चिरून घेतला होता.

ज्यांच्या घरचे माळवद येत्या उन्हाळ्यात उतरणार असेल, त्यांनी तुळया वजनावर विकण्यापूर्वी किंवा चुलीत घालण्यापूर्वी गावातील एखाद्या जुन्या सुताराला बोलावून त्या दाखवाव्यात, त्याच्या वेळेचे पैसे द्यावेत, आणि त्याने निवडलेले लाकूड जमिनीपासून वीतभर उंच, विटांवर, सावलीत रचून ठेवावे.