विषाचं वाण

रात्र ही लपायची वेळ, असं आपण धरूनच चालतो. बहुतेक पतंगही त्या समजुतीला जागतात. कुणी सालीच्या रंगाचा, कुणी वाळक्या पानाच्या. भिंतीवर बसले की भिंतीतच मुरून जाणारे. पण मृगाच्या पावसानंतर ओटीवरच्या दिव्यापाशी जो जमाव उतरतो, त्यात काही मंडळी अशी असतात की लपणं हा प्रकार त्यांच्या गावीच नसावा. दुधी पंखांवर काळे ठिपके आणि त्या काळ्यांच्या मधून लाल. दुसरा एखादा फिकट गुलाबी अंगाचा, पंखावर काळी फराटी ओढलेला. बोटानं पंख जरासा उचलला की खाली लालभडक पोट. तिसरा पिवळाजर्द, बिनठिपक्याचा, पण तोही असा समोरच येऊन बसणार. टायगर मॉथ म्हणतात यांना. मी आपली वाघपतंग म्हणते.

जगभरात त्यांच्या ११,००० च्या आसपास जाती आहेत. एवढा गोतावळा, पण त्यांचं घर कुठलं हे माणसाला अजून नीटसं ठरवता आलेलं नाही. लिनियसनं १७५८ साली युरोपातल्या गार्डन टायगरला नाव दिलं तेव्हा त्याला रेशमाच्या पतंगांशेजारी बसवलं. पुढे त्यांचं स्वतःचं कुल झालं, आर्क्टिइडी. आपल्याकडच्या पतंगांची पहिली मोठी यादी केली ती जॉर्ज हॅम्पसननं. हा गृहस्थ नीलगिरीत चहाचा मळा करायला आला आणि पतंगांत रमला. ब्रिटिश हिंदुस्थानातल्या पतंगांवरच्या त्याच्या ग्रंथाचा दुसरा खंड १८९४ मध्ये निघाला, त्यात हे कुल आहे. त्यानंतर लंडनच्या ब्रिटिश म्युझियमसाठी त्यानं जगभरच्या पतंगांची सूची करायला घेतली. त्या सूचीत गांधीलमाशीचं सोंग घेणारे, काळ्या पंखांत पारदर्शक खिडक्या ठेवणारे, भर दुपारी बागेतून संथ उडणारे पतंग १८९८ साली वेगळ्या कुलात गेले. आणि नोला नावाचे चिमुकले राखाडी पतंग मात्र दोन वर्षांनी वाघपतंगांच्या घरात आले. आज नेमकं उलट आहे. खिडकीवाले आत, नोला बाहेर.

आणि अलीकडे तर घराची पाटीच उतरली. जनुकांची तुलना करणारे अभ्यास २०११-१२ च्या सुमारास प्रसिद्ध झाले, आणि आर्क्टिइडी हे कुल एरेबिडी नावाच्या प्रचंड कुलातलं एक उपकुल होऊन बसलं. मला त्याचं थोडं वाईट वाटलं. शास्त्राला असल्या हळहळीचं काही देणंघेणं नसतं, नसावंही. पण जुन्या पुस्तकांच्या समासात पेन्सिलीनं नवी नावं लिहिताना हात जरा रेंगाळतो खरा.

पाटी बदलली तरी खुणा तशाच राहिल्या. अळीच्या अंगावर बारीक गाठींच्या रांगा असतात आणि प्रत्येक गाठीतून केसांचा झुबका निघतो. आपला सुरवंट. सुरवंट म्हटलं की आपल्याला आधी खाज आठवते, घोंगडीनं अंग पुसून काढणारी आजी आठवते. पण खाजरेपणाचा मोठा वाटा दुसऱ्याच कुळांतल्या सुरवंटांचा आहे. वाघपतंगांच्या पुष्कळ अळ्यांचे केस माणसाला फारसा त्रास देत नाहीत. बदनामी मात्र वाटून घ्यावी लागते. शेतकऱ्याची तक्रार तेवढी खरी आहे. सोयाबीनच्या पानाची चाळण करणारी बिहारी केसाळ अळी याच घरची, भुईमुगावरची लाल केसाळ अळीही याच घरची. पहिल्या पावसानं जमीन भिजली की तिचे पतंग मातीतून झुंडीनं वर येतात, आणि म्हणूनच त्या दिवसांत शेतात प्रकाश सापळे लावायला सांगतात.

या घराची एक मोठी शाखा मात्र पिकांच्या वाटेला जात नाही. ती दगडफूल खाते. गोडा मसाला भाजताना आपण जे काळपट, कुरकुरीत पापुद्रे टाकतो, त्याच जातकुळीचा दगडा-झाडांवरचा हा मेवा. बुरशी आणि शेवाळ यांनी मिळून केलेला, फार सावकाश वाढणारा. तो खाऊन कुणी बाळसं धरेल असं वाटत नाही, पण हजारो जाती त्यावर पिढ्यान्‌पिढ्या जगत आल्या आहेत. त्यातली सायाना नावाची अळी मला फार लोभावते. कोषात जायची वेळ आली की ती स्वतःचेच केस काढते आणि त्यांची एक जाळी विणते. बंद कोष नव्हे, चारी बाजूंनी उघडा पिंजरा; चौकटीत चौकट बसवलेला, आरपार दिसणारा. त्याच्या मधोमध ती टांगून राहते. कोकणातल्या ओलसर भिंतीवर असा पिंजरा पहिल्यांदा पाहिला तेव्हा कुणी माणसानं तारेचा करून चिकटवला असावा असंच मला वाटलं होतं. भिंत घालण्याऐवजी अंतर राखणं. मुंगी आली तरी तिला आधी केसांच्या आट्यापाट्या खेळाव्या लागणार.

पण मी सांगत होते ते न लपण्याबद्दल.

रंग दिवसा कामाला येतो. काळोखात लाल काय आणि काळं काय, सारखंच. वटवाघूळ तर आवाज फेकतं आणि प्रतिध्वनीवरून सावज ओळखतं. पतंगांच्या अनेक कुळांनी त्यावर उपाय म्हणून कान कमावले. वाघपतंगाचा कान छातीच्या मागच्या भागात, जवळजवळ कमरेपाशी असतो आणि त्यात आवाज टिपणाऱ्या चेतापेशी असतात अवघ्या दोन. तेवढ्यावर भागतं. वटवाघळाची हाक ऐकू आली की दुसरे पतंग गिरकी घेतात, अंग सोडून खाली पडतात. वाघपतंगांतल्या कित्येक जाती उत्तर देतात. त्यांच्या छातीच्या बाजूला एक पातळ, चरे असलेली पापुद्र्यासारखी पट्टी असते. स्नायू आखडला की ती आत दबते, सैल झाला की परत येते, आणि दोन्ही वेळा टकटक अशी बारीक माळ उमटते. आपल्या कानाच्या आवाक्यापलीकडची. म्हणजे आपल्या ओटीवर रात्रभर जी शांतता असते, ती निव्वळ आपल्यापुरती.

डोरोथी डनिंग आणि केनेथ रोडर यांनी १९६५ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. हवेत उडवलेली अळी झेलायला शिकवलेली वटवाघळं घेतली. ती झेप घेणार एवढ्यात वाघपतंगाचा ध्वनिमुद्रित आवाज ऐकवला. वटवाघळं बहुतेक वेळा अळी सोडून वळली. पुढली चाळीसेक वर्षं वाद चालला तो कारणावरून. दचकतात? की हा आवाज म्हणजे ‘मी कडू आहे’ अशी सूचना? की वटवाघळाच्या प्रतिध्वनीतच कालवाकालव होते? आता दिसतं ते असं की जात तसं उत्तर. बऱ्याच जातींचा आवाज ही सूचनाच असते. वटवाघूळ एकदा तोंड कडू करून घेतं आणि पुढे लक्षात ठेवतं. काही खाण्याजोग्या जाती त्या आवाजाची नक्कल करून फुकटात सुटतात. आणि बर्थोल्डिया ट्रायगोना नावाचा अमेरिकी पतंग सेकंदाला ४,५०० पर्यंत टकटक करून समोरच्याचा अंदाजच चुकवतो, असं २००९ मध्ये ॲरन कॉर्कोरन, जेसी बार्बर आणि विल्यम कॉनर यांनी दाखवून दिलं. वटवाघूळ येतं, अगदी जवळ येतं, आणि हवेलाच चावतं.

कडूपणा येतो कुठून? इथे तो दुधी पंखांचा, काळ्या-लाल ठिपक्यांचा पतंग पुन्हा पुढे करते. उटेथिसा त्याचं नाव. माळावर, शेताच्या बांधावर दिवसाही पावलापुढे उडतो, चार हातांवर जाऊन गवतात बसतो. त्याची अळी ताग आणि खुळखुळा यांच्यावर वाढते. या झाडांत पायरोलिझिडीन नावाची विषारी अल्कलॉइडं असतात. गुरांनी जास्त खाल्ली तर यकृत बिघडतं. अळीला ती चालतात, कारण पोटात गेलेलं विष एका विकराच्या मदतीनं ती निरुपद्रवी रूपात बदलते आणि तसंच साठवून ठेवते. शेंगेतल्या बियांत हा साठा सर्वांत जास्त. म्हणून अळी शेंग पोखरून आत शिरते.

उटेथिसाच्या अमेरिकी भावंडावर थॉमस आयझनर आणि जेरॉल्ड माइनवाल्ड यांनी कॉर्नेल विद्यापीठात अनेक वर्षं काम केलं. आयझनर जन्मला बर्लिनमध्ये १९२९ साली. नाझींमुळे कुटुंब देशोधडीला लागलं, बार्सिलोना करत उरुग्वेत गेलं, आणि तिथल्या किड्यांत या मुलाचं बालपण गेलं. फ्लोरिडात त्याला दिसलं ते असं: उटेथिसा मोठ्या कोळ्याच्या जाळ्यात सापडला. कोळीण धावत आली, तिनं त्याला चाचपलं, आणि मग त्याच्या भोवतीचे धागे एकेक करून तोडून त्याला मोकळं केलं. पतंग या सगळ्यात धडपडत नाही. स्वस्थ पडून राहतो, सुटला की उडून जातो. प्रयोगशाळेत बिनविषाच्या अन्नावर वाढवलेले पतंग त्याच कोळिणीनं खाऊन टाकले. रंग तोच, पंख तेच.

मला खरं गुंतवून टाकलं ते याच्या पुढच्या भागानं. विष फक्त जीव वाचवायला नसतं. नराच्या पोटाच्या टोकाशी केसांचे झुबके असतात. मीलनाआधी तो ते मादीजवळ फुलवतो. त्याचा वास त्या विषापासूनच तयार झालेला असतो. जितका साठा मोठा तितका वास गडद. मादी वास घेते आणि ठरवते. मीलनात नर शुक्राणूंबरोबर एक पुडी देतो, त्याच्या स्वतःच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाइतकी, आणि तीत विषही असतं. तीच माझ्या मते या सगळ्या कथेतली थोर वस्तू, विषाचं वाण. ते मिळताच मादी स्वतः कोळ्यांना नकोशी होते. उरलेलं ती अंड्यांत घालते, आपलं जवळचं मिळवून. अंड्यांतल्या विषाचा साधारण तिसरा हिस्सा बापाकडून आलेला असतो. मुंग्या, ढालकिडे अशी अंडी टाळतात.

यात भाबडं काही नाही. मादी एकावर थांबत नाही, चार-पाच नरांशी संग करते, आणि शेवटी अंडी फळतात ती बहुतेक सगळ्यांत थोराड नराकडून. वाण सगळ्यांचं घेते, बाप एकालाच करते. आणि ज्या अळीला विष कमी पडलं ती ते भरून काढायला आपल्याच जातीची अंडी खाते. पोटभर अन्न समोर असलं तरी खाते.

ओटीवर येणारा तो फिकट गुलाबी, काळ्या फराटीचा, त्याचं नाव क्रियाटोनोटॉस गँगिस. लिनियसनं १७६३ साली गंगेची आठवण ठेवून दिलेलं. याचा नर संध्याकाळनंतर पोटाच्या टोकातून चार केसाळ नळ्या फुगवून बाहेर काढतो, पोटाहून लांब, वळणदार. मोबाइलवर त्याचे व्हिडिओ फिरतात आणि लोक त्याला परग्रहावरचा प्राणी ठरवतात. जर्मनीत डीट्रिख श्नायडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये दाखवलं की अळीच्या खाण्यात ती अल्कलॉइडं नसतील तर या नळ्या खुरट्या राहतात, आणि जितकी जास्त मिळतील तितक्या त्या मोठ्या होतात. तारुण्यात मिरवायचा अवयव किती वाढणार हे अळीपणी कुठल्या पानावर दिवस गेले त्यावरून ठरतं. हे वाचल्यापासून मी दिव्यापाशी आलेल्या गँगिसकडे जरा निरखून पाहू लागले. बिचारा खुरटा की सुखवस्तू, हे नळ्या मिटलेल्या असताना कळत नाही.

एक गोष्ट मात्र डोक्यातून जात नाही. आपल्याकडे ताग पेरतात तो हिरवळीच्या खतासाठी. दीड-दोन महिन्यांत, फुलं दिसायला लागली की नांगरून मातीत गाडतात; शेंगा धरेपर्यंत कुणी थांबत नाही. म्हणजे तिथल्या उटेथिसाला पाला मिळतो, बी मिळत नाही. बांधावरच्या खुळखुळ्याच्या शेंगा मात्र वाळून वाजू लागेपर्यंत उभ्या असतात, त्यातल्या अळीची चंगळ. मग तागातून वर आलेला नर आणि बांधावरून आलेला नर, दोघं एका मादीपुढे उभे राहिले तर? शेजारच्या तालुक्यात एक कृषी महाविद्यालय आहे. तिथल्या कुणा पोरानं किंवा पोरीनं हे मोजून पाहावं, तागातले पन्नास नर धरावेत आणि बांधावरचे पन्नास, असं मला फार दिवसांपासून वाटतंय. खर्च काही नाही. एक हातजाळी, शिंपी देईल ती मच्छरदाणीच्या कापडाची, आणि तागाच्या मालकाला आधी विचारलेलं बरं.