फुकट फिरवणारा गाइड आणि आरतीचं ताट



गेल्या महिन्यात लालबर्र्याहून चुलतभावाचा फोन आला. तो काका-काकूंना घेऊन दहा दिवस युरोपला निघालाय. प्राग, बर्लिन आणि शेवटी रोम. व्हिसा झाला, तिकिटं झाली, काकूंचा चिवडा आणि चिन्नोरच्या तांदळाची छोटी पिशवीसुद्धा बॅगेत गेली. आता एकच प्रश्न उरला होता.

"ताई, तिकडे फ्री वॉकिंग टूर असते म्हणे. पैसे काहीच नाहीत, शेवटी मनाला येईल ते द्यायचं. घेऊ का? पण बाबा म्हणून रायले, फुकटात कोणी काहून फिरवेल?"

मी त्याला म्हटलं, संध्याकाळी सांगते. एका वाक्यात उत्तर देता येईना, कारण या "फ्री टूर"ची माझ्याकडे एक जुनी उधारी आहे. ती आज तुमच्यासमोर मांडते. आपल्यातली बरीच तरुण मंडळी आता नोकरी-शिक्षणाच्या निमित्तानं तिकडे जातात आणि मागोमाग आई-बाबांनाही नेतात. त्यांना कदाचित उपयोग होईल.

आधी काकांच्या प्रश्नाचं उत्तर. फुकटात कोणी फिरवत नाही. ही पद्धत २००० नंतरच्या दशकात बर्लिनमधून मोठी झाली आणि आता युरोपच्या जवळपास प्रत्येक पर्यटन-शहरात आहे. आपण ऑनलाइन नाव नोंदवायचं, ठरलेल्या चौकात जायचं. तिथे रंगीत छत्री घेऊन गाइड उभा असतो. दोन-अडीच तास तो पायी फिरवतो, गोष्टी सांगतो आणि शेवटी म्हणतो, आवडलं असेल तर योग्य वाटेल ते द्या. हा गाइड बहुतेक वेळा पगारी नसतो. त्याची कमाई म्हणजे ही टिप. शिवाय अनेक ठिकाणी कंपनी त्याच्याकडूनच माणशी काही रक्कम घेते. सुरुवातीला माणसं मोजतात किंवा ग्रुप फोटो काढतात, तो नुसता आठवणीसाठी नसतो. म्हणजे वीस जण आले आणि पाच जण काही न देता निघून गेले, तर त्या पाच जणांचे पैसे गाइडच्या खिशातून जातात.

हे मला पहिल्या वेळी माहीत नव्हतं. माहीत असतं तर मी वेगळी वागले असते का, हेही खात्रीनं सांगता येत नाही.

तेव्हा मी चोवीस वर्षांची होते. नागपूरला बीई करून पुण्यात नोकरीला लागले होते आणि कंपनीनं तीन महिन्यांसाठी बर्लिनला पाठवलं होतं. रोजचा भत्ता मिळायचा, त्यातला प्रत्येक युरो मी वाचवत होते, कारण शैक्षणिक कर्ज फिटायचं होतं आणि घरी स्लॅबचं काम निघालं होतं. एका रविवारी मी फ्री टूरला गेले. गाइड माझ्याच वयाचा, शिकता शिकता हे काम करणारा. त्यानं ब्रांडेनबुर्ग गेटपासून सुरुवात केली. ज्यूंच्या स्मारकातल्या २,७११ काँक्रीटच्या ठोकळ्यांमधून आम्हाला एकेकट्यानं चालायला लावलं. हिटलरच्या बंकरची जागा दाखवली, तर तिथे साधी गाड्यांची पार्किंग आणि एक माहितीफलक! १३ ऑगस्ट १९६१ ला एका रात्रीत शहराच्या मधून कुंपण कसं पडलं आणि ९ नोव्हेंबर १९८९ ला ते कसं निकामी झालं, हे त्यानं असं सांगितलं की मी शाळेत वाचलेला इतिहास पहिल्यांदा मला दिसला.

शेवटी आम्ही बेबेलप्लाट्झला आलो. १० मे १९३३ ला नाझी विद्यार्थ्यांनी तिथे पुस्तकांची होळी केली होती. चौकाच्या फरशीत एक काच बसवलेली आहे. खाली वाकून पाहिलं की पांढरी, रिकामी कपाटं दिसतात. सुमारे २०,००० पुस्तकं मावतील एवढी कपाटं आणि एकही पुस्तक नाही. सगळे काचेवर वाकले होते. गाइड म्हणाला, "आता शेवटचा थांबा." आणि मी, मास्तरांची मुलगी, गर्दीतून मागे सरकले, रस्ता ओलांडला आणि सरळ मेट्रोचा जिना उतरले.

पाच युरो वाचले. त्या रात्री हिशेबाच्या वहीत मी त्या दिवसापुढे "फिरणे – ०" असं लिहिलं होतं. ते शून्य मला अजून आठवतं.

ही गोष्ट मी बरीच वर्षं कोणालाच सांगितली नाही. सांगितली ती बाबांना, कान्हाच्या मुक्की गेटवर.

मुक्की आपल्याच बालाघाट जिल्ह्यात, पण घरच्यांसोबत जायला मला तिशी गाठावी लागली. तिथे गाइडशिवाय जिप्सी आत सोडत नाहीत. गाइड आजूबाजूच्या गावांतले, त्यांची पाळी लागते, फी ठरलेली. वाघ दिसला काय नि न दिसला काय, फी तीच. वरची टिप मात्र आपल्या खुशीची. आम्हाला वाघ दिसला नाही. पण आमच्या गाइडनं बारशिंग्यांचा कळप दाखवला, सालवनातली वारुळं दाखवली, सांबराचा इशारा आणि चितळाचा इशारा कानाला वेगवेगळा कसा लागतो ते ऐकवलं. गेटवर परतलो तेव्हा शेजारच्या जिप्सीतले लोक खुशीत होते, त्यांना वाघीण दिसली होती. त्यांच्या गाइडच्या हातात पाचशेची नोट पडली. आमच्या गाइडनं नुसतं तिकडे पाहिलं. बाबांनी खिशातून तेवढीच नोट काढून त्याला दिली आणि म्हणाले, "त्यांना वाघ दिसला, आम्हाला जंगल दिसलं."

तेव्हा माझ्या तोंडून बर्लिनची गोष्ट बाहेर पडली.

बाबा रागावले नाहीत. थोडा वेळ गप्प बसले आणि मग त्यांनी मला विचारलं, "आपल्याकडे कीर्तनात आरतीचं ताट फिरतं, तेव्हा ज्याच्यापाशी पैसे नसतात तो काय करतो?" मी म्हटलं, आरती घेतो. "बरोबर. ताटावर हात फिरवून डोळ्यांना लावतो. कोणी त्याच्याकडं पाहत नाही. पण ताट येताना दिसलं म्हणून मंडपातून उठून जाणारा सगळ्यांच्या लक्षात राहतो. पैसे नव्हते यात काही चूक नाही. तू त्या पोराला नमस्कार न करता आली, ते चुकलं."

मंडळी, विचार केला तर ही "शेवटी खुशीनं द्या" पद्धत आपल्याला नवी कुठे आहे? दिवाळीनंतर आपल्याकडे मंडई भरते, रात्री दंडार रंगते, एखादा खुश झाला की नोट काढतो आणि माइकवरून त्याचं नाव पुकारलं जातं. गुरुजींना यथाशक्ती दक्षिणा असते. जर्मन भाषेत टिपला "ट्रिंकगेल्ड" म्हणतात, म्हणजे पिण्यासाठीचे पैसे. आपलं "चहापाणी" आणखी काय असतं! फरक एवढाच की मंडपात सगळे एकमेकांना ओळखतात. तिकडच्या चौकात कोणी कोणाला ओळखत नाही, म्हणून सटकणं सोपं जातं.

पण या पद्धतीची दुसरी बाजूही मुक्कीच्या गेटवरच दिसते. बक्षीस वाघाला मिळतं, जंगलाला नाही. त्यामुळे गाइडलाही वाटतं, वाघाच्याच मागे धावावं. टिपवर जगणाऱ्या शहरी गाइडचंही तसंच होतं. टाळ्या मिळवणारी गोष्ट आधी येते, खरी गोष्ट मागे पडते. प्रागच्या जुन्या चौकात १४१० सालचं खगोलीय घड्याळ आहे. तिथे हमखास ऐकायला मिळतं की हे घड्याळ करणाऱ्या हानुश नावाच्या कारागिरानं दुसरीकडे असं घड्याळ करू नये म्हणून त्याचे डोळे काढले. ताजमहालाच्या कारागिरांचे हात तोडल्याची आपल्याकडची कथा आठवली ना? दोन्ही दंतकथाच. ते घड्याळ मुळात केलं कादान गावच्या मिकुलाशनं, हे आता इतिहासकारांनी दाखवून दिलंय. चांगला गाइड दंतकथा सांगतो आणि लगेच "ही दंतकथा आहे" असंही सांगतो. तसा गाइड भेटला तर टिप देताना हात आखडू नये.

पुढे मी आई-बाबांना घेऊन प्रागला गेले. या वेळी उधारी फेडायचीच, असं ठरवून तिघांचं नाव फ्री टूरला नोंदवलं. बेत चांगला होता, अंदाज चुकला. ग्रुप पंचवीस-तीस जणांचा. गाइडचं इंग्रजी भरभर, बाबांना निम्मं ऐकू येईना. दगडी फरशीवर उभं राहून आईचे गुडघे बोलायला लागले. तासाभरात ती एका चर्चच्या पायरीवर बसली आणि म्हणाली, "तुम्ही या जाऊन, मी इथंच बसते." परक्या शहरात तिला एकटीला कुठे सोडणार?

तेव्हा बाबा गाइडकडे गेले. वीस युरोची नोट तिच्या हातात दिली, बायकोकडे बोट दाखवलं, हात जोडले आणि म्हणाले, "व्हेरी गुड टीचर. सॉरी." ती हसली, आईजवळ आली आणि जवळचं स्वच्छतागृह कुठे आहे ते दाखवून पुढे गेली. मध्येच निघायला काही हरकत नसते. सांगून निघायचं, एवढंच.

तर भावाला मी संध्याकाळी जे सांगितलं ते असं.

पहिलं म्हणजे पैशांचा हिशेब आधी कर. मी पाहिलं तेव्हा बरेच लोक माणशी १० ते १५ युरो देत होते. तिघांचे ३० ते ४५ झाले. मग ती टूर "फ्री" राहिलीच कुठे? त्याच्या शेजारी दर ठरलेल्या लहान ग्रुपच्या टूरची किंमत ठेवून बघ. फार फरक नसेल तर ठरलेली फी बरी, मनाला टोचणी राहत नाही. आणि द्यायचे सुटे पैसे सकाळीच वेगळ्या खिशात ठेव. प्रागमध्ये चलन कोरुना आहे, युरो नाही, हेही विसरू नकोस.

दुसरं, ही टूर इमारती बाहेरून दाखवते. आत जायचं तिकीट वेगळं. रोममध्ये कोलोसियम किंवा व्हॅटिकनचं संग्रहालय नीट समजून घ्यायचं असेल तर ठरलेल्या फीचा गाइडच घे. इटलीत गाइडला सरकारी परवाना लागतो, तो आहे का ते विचारायला लाजू नकोस.

तिसरं, गर्दीचा विचार कर. या टूरना तिथले रहिवासीही कंटाळलेत. ॲम्स्टरडॅमनं जुन्या शहरात ग्रुप १५ जणांपुरता केला, व्हेनिसनं २०२४ मध्ये २५ ची मर्यादा घातली आणि लाउडस्पीकर बंद केले. ज्यांच्या दारात आपण उभे राहतो तिथे कोणी राहतं, एवढं भान असू दे.

चौथं, काका-काकूंसाठी. पहिल्याच दिवशी त्यांना अडीच तास चालवू नकोस. बर्लिनला १०० नंबरची साधी सिटी बस झू स्टेशनहून अलेक्झांडरप्लाट्झला जाते आणि वाटेत निम्मं बर्लिन बसल्या बसल्या दिसतं. प्रागला २२ नंबरची ट्राम किल्ल्याच्या बाजूला चढवते. दोन्हीला नेहमीचंच तिकीट चालतं.

आणि पाचवं, जे मला फार उशिरा सुचलं. ते दोघं सकाळी हॉटेलवर आराम करत असताना तू एकटा फ्री टूरला जा. पुढे उभा राहा, नीट ऐक, प्रश्न विचार, शेवटपर्यंत थांब आणि पैसे देऊन नाव विचारून ये. मग दुपारी काका-काकूंना त्यातल्या तीनच जागा दाखव, आपल्या भाषेत, त्यांच्या चालीनं, मध्ये बाकावर बसत. काकूंना बेबेलप्लाट्झची ती काच नक्की दाखव. इंग्रजीची गरज पडणार नाही. रिकामं कपाट कोणालाही वाचता येतं.

तो माझा गाइड मला परत भेटणार नाही, त्याचं नावही मी तेव्हा विचारलं नव्हतं. प्रागच्या वीस युरोंनी ती उधारी फिटली असं मी मानत नाही. ते पैसे बाबांचे होते आणि ते त्या मुलीच्या मेहनतीचे होते. पण वहीत आता "फिरणे"च्या पुढे मी शून्य लिहीत नाही.

दोन दिवसांनी भावाचा मेसेज आला : "ताई, ठरलं. सकाळी मी एकटा, दुपारी आम्ही तिघं. बाबा विचारून रायले, तू फिरवशील तर तुला किती द्यायचे?"