पाळी धरून मुहूर्त

आमच्याकडे बाईच्या छातीत कळ आली की कारण तयारच असतं. उसण भरली, कापूस वेचताना बरगडी लचकली, नाहीतर गॅस झाला. माझ्या गंगाखेडच्या मावसबहिणीला दम लागायला लागला तेव्हा एक्स-रे काढला. उजवं फुप्फुस बसलं होतं. छातीत नळी घातली, तिचं दुसरं टोक खाटेखालच्या बाटलीत पाण्याखाली. ती खोकली की बुडबुडे. साचलेली हवा बाहेर पडते, पाण्यामुळे परत शिरत नाही. एकोणिसाव्या शतकात ब्यूलाऊ नावाच्या जर्मन डॉक्टरने काढलेली ही युक्ती अजून खेडोपाडी जीव वाचवते.

टीबीची तपासणी झाली. ती हवीच होती, आपल्याकडे फुप्फुस बसण्यामागे टीबी पुष्कळदा असतो. काही निघालं नाही. काही महिन्यांनी फुप्फुस पुन्हा बसलं, पुन्हा उजवंच. तेव्हा नांदेडच्या एका डॉक्टरबाईंनी विचारलं, "पाळी कधी आली होती?" नवरा आणि सासरे शेजारी उभे. बहिणीने मान खाली घातली. बाईंनी दोघांना चहाला पिटाळलं. मला त्यांच्या साऱ्या विद्येपेक्षा हा चहा मोठा वाटतो.

दोन्ही वेळा पाळी नुकतीच आली होती.

गर्भाशयाचं अस्तर कधी भलत्या ठिकाणी रुजतं. श्वासपटलावर रुजलं तर तिथे बारीक भोकं पडतात. पाळी सुरू झाल्यापासून साधारण ७२ तासांच्या आत फुप्फुस बसतं, बहुतेक उजवीकडचंच, आणि बहुतेक तिशी-चाळिशीतल्या बायकांचं. वैद्यकात याची नोंद १९५८ साली झाली. कळा त्याआधीही येतच असणार.

ऑपरेशन संभाजीनगरला, दुर्बिणीने. फुप्फुसाच्या टोकावरचे फुगे काढून सर्जन थांबला तर श्वासपटलावरची भोकं राहून जातात, म्हणून तिथे नीट धुंडाळावं लागतं. भोकांचा भाग काढून टाके घातले, मग फुप्फुस पुन्हा बसू नये म्हणून ते छातीच्या भिंतीला चिकटवलं. पाळीच्या दिवसांत भलत्या जागी रुजलेल्या अस्तराचे डाग जास्त ठळक दिसतात, म्हणून तारीख त्याच दिवसांतली धरलेली. महालक्ष्म्यांना पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेणारं आमचं घराणं. इथे पाळी धरूनच मुहूर्त काढला!

एवढं करूनही दुखणं उलटू शकतं. म्हणून काही महिने अंडाशयाचं काम थोपवणारी इंजेक्शनं झाली. ती संपून पाळी परतली, तशी बहीण भिंतीवरच्या कॅलेंडरवर, दुधाच्या हिशेबाशेजारीच, तारखांना लाल गोल करू लागली.

सासूने विचारलं, "हे कशाचे गं गोल?"

तिने सांगितलं. सगळ्यांसमोर.

"बरं," सासू म्हणाली, "दुधाच्या हिशेबात घोळ नको करू म्हंजे झालं."