पण पॉलिसी कोणाची?

आरोग्यविम्याचे क्लेम तपासायला आम्ही ड्रूल्स हे रूल इंजिन वापरत होतो. नियम एकीकडे लिहायचे, माहिती दुसरीकडून द्यायची. कोणता नियम कशाला लागू पडतो ते इंजिन शोधतं.

एक नियम अगदी साधा होता. क्लेम आला आहे, पॉलिसी बंद पडली आहे, तर क्लेम नाकारा. चाचणीत एक क्लेम आणि एकच पॉलिसी असायची, तिथे तो बिनचूक चालला. मग सगळा गठ्ठा एकदम चालवला आणि चालू पॉलिसीवाल्यांचेही क्लेम नामंजूर झाले! हे टेस्ट सर्व्हरवरच उघड झालं म्हणून बरं. नाहीतर नुकत्याच घरी आलेल्या पेशंटच्या हाती कारण नसताना नकाराचं पत्र पडलं असतं.

क्लेम विभागातल्या ताईंना मी तो नियम मराठीत वाचून दाखवला. त्यांनी मध्येच थांबवलं. "अरे, पण पॉलिसी कोणाची?"

नियमात ते कुठेच नव्हतं. वाचणारा माणूस 'त्याचीच' असं गृहीत धरतो. इंजिन प्रत्येक वस्तूचा प्रकार आणि लिहिलेल्या अटी एवढंच बघतं. कुठलाही क्लेम आणि कुठलीही बंद पॉलिसी, की जोडी जमली. ५०० क्लेम आणि २००० पॉलिसी असतील तर १० लाख जोड्या होतात. त्यात एक जरी पॉलिसी बंद असली तरी सगळे क्लेम बाद.

दुरुस्ती एका ओळीची. क्लेममधला पॉलिसी क्रमांक व्हेरिएबलमध्ये धरला आणि पॉलिसीचा क्रमांक तोच हवा, ही अट घातली. अशा जोडण्या वेगाने लावण्याची रेटे पद्धत चार्ल्स फोर्जी यांनी १९७०च्या दशकात कार्नेगी मेलन विद्यापीठात शोधली. आधी प्रकारानुसार वस्तू वेगळ्या करायच्या, मग जुळवायच्या. क्रमांक समान हवा असं सांगितलं की ड्रूल्स त्याची अनुक्रमणिका ठेवतं, एकेक जोडी तपासत बसत नाही.

तरी काही क्लेम नुसते पडून राहिले. रुग्णालयाने क्रमांकाआधीची शून्यं गाळली होती. जोडी जमली नाही, म्हणून कुठलाच नियम चालला नाही. त्यांच्यासाठी 'या क्रमांकाची पॉलिसी नाही' असा वेगळा नियम केला आणि ते ताईंकडे जाऊ लागले. त्यांनीच पुढची अट सांगितली: आज बंद असलेली पॉलिसी पेशंट दाखल झाला त्या दिवशी चालू असेल, तर तेवढ्यावरून क्लेम नाकारायचा नाही.