मुलांची उपासना

शनिवार, रात्र.

उद्याच्या मुलांच्या उपासनेची वही उघडून बसले आहे. बाहेर यंत्रमागांची खटखट चालूच. भिवंडीतल्या पोरांना आवाजाची सवय असते. जड जातं ते गप्प बसणं. मोठ्यांचा लांबलचक संदेश त्यांच्या माथी मारायचा आणि वर चुळबुळ करू नका म्हणायचं, यात काय अर्थ?

रेव्हरंड ना. वा. टिळकांना हे पुरतं उमगलं असावं. त्यांचं सुरुवातीचं शिक्षण शेजारच्या कल्याणात झालं. १८९५ साली बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांनी ख्रिस्तभक्ती इथल्या अभंग-भजनांत आणली. हाती टाळ आला की चार वर्षांचं पोरही उपासनेत रमतं.

म्हणून उद्याचा बेत असा: आधी टाळ-खंजिरीवर गीत, मग पाच भाकरी आणि दोन मासळ्यांची गोष्ट. योहानाच्या शुभवर्तमानात ती शिदोरी एका मुलाची आहे आणि भाकरी जवाच्या. मी टोपलीत खऱ्या भाकरी नेणार. तुकडा मोडायचा, आधी शेजारच्याला द्यायचा, मग आपण खायचं. धाकटी पुढे बसतील, मोठी टोपली फिरवतील. शेवटी प्रार्थना, तीही त्यांच्याच शब्दांत: आजीचा गुडघा, बाबांची रात्रपाळी, हरवलेलं मांजर, काहीही चालेल. सगळं अर्ध्या तासात आटोपायचं.

मंडळीतल्या वडीलधाऱ्यांना एकच विनंती: महिन्यातला एक रविवार मुलांच्या हाती द्या आणि त्या दिवशी तुम्ही मागच्या बाकावर बसा.