शेवंतीची गोळी

हैदराबादची जामबाग म्हणजे 1907 साली सुरू झालेल्या विवेकवर्धिनीचा परिसर. इथं मराठी कानावर पडतेच. इथल्याच फुलांच्या दुकानांपाशी सहा वर्षांपूर्वी पावसात कुडकुडणारं एक पिल्लू माझ्या मुलानं उचलून आणलं. शेवंतीच्या टोपलीआड सापडली म्हणून नाव शेवंती. त्याच सुमारास आई हिंगोलीहून आमच्याकडे कायमची राहायला आली. ती नर्सी नामदेवच्या पंचक्रोशीतली. कुत्र्यानं पोळी पळवली तेव्हा नामदेव महाराज तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागं धावले, ही गोष्ट तिनं आम्हा भावंडांना शंभरदा सांगितलेली. पण शेवंतीनं स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडलेला मात्र तिला चालत नसे!

दोन वर्षांपूर्वी शेवंतीच्या नाकावर आणि कानांवर खपल्या धरू लागल्या. खरूज असेल असं समजून आम्ही तेल लावण्यात महिना घालवला. मग तळपायही फुटले, तिला पाऊल टाकवेना. इमारतीत कुजबुज सुरू झाली. 'मॅडम, बच्चे खेलते हैं यहाँ,' असं एका शेजाऱ्यांनी बजावलंही.

शेवटी कातडीचा कणभर तुकडा तपासायला गेला आणि रोगाचं नाव कळलं, पेम्फिगस फोलिएशियस. डॉक्टरांनी सोप्या भाषेत समजावलं. शरीराची रोगाशी लढणारी यंत्रणाच आपल्या कातडीला शत्रू समजते आणि पेशींना एकमेकींशी धरून ठेवणाऱ्या प्रथिनांवर हल्ला करते. मग पुळ्या येतात, त्या फुटून खपल्या धरतात. हा रोग ना माणसाला लागतो, ना दुसऱ्या कुत्र्याला. पण बहुधा तो मुळासकट जात नाही. औषधानं आटोक्यात ठेवावा लागतो.

औषध होतं प्रेडनिसोलोन. चिठ्ठी वाचून मी चमकले. आमवातासाठी आई रोज सकाळी तीच गोळी घेते! आमवातातही शरीर आपल्याच सांध्यांवर उठतं. या जातीचं औषध, कॉर्टिसोन, अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये 1948 साली आमवाताच्याच रुग्णाला पहिल्यांदा दिलं गेलं आणि 1950 साली त्या संशोधनाला नोबेल मिळालं.

गोळीनं खपल्या गळाल्या. पण शेवंतीची तहान वाढली, भूक वाढली, रात्री तीन-तीनदा तिला खाली न्यावं लागे. सकाळी लवकरचा तास, पेपर तपासणी आणि डोळ्याला डोळा नाही. पाच महिन्यांनी एका रविवारी, 'खपल्या गेल्यात, आता बस्स,' म्हणून मी कुणालाही न विचारता गोळी बंद केली. काही दिवसांतच ती मलूल झाली, खाणं टाकलं, ओकू लागली. बाहेरून औषध मिळत राहिलं की मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी आपलं काम थंडावतात. त्यामुळे गोळी पायरीपायरीनं उतरवायची असते. डॉक्टरांनी हे सांगितलं होतं, मी ते मनावर घेतलं नव्हतं.

सलाईन लावून तिला घरी आणलं त्या रात्री मी वैतागून म्हणाले, 'आता जन्मभर हेच करायचं का?' आई गुडघ्याला तेल चोळत होती. मान वर न करता म्हणाली, 'माझ्याही गोळ्या जन्मभराच्याच आहेत की गं.'

मला काही बोलता आलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून तो कारभार आईनं आपल्या हाती घेतला. पोळीच्या तुकड्याला तुपाचं बोट लावून त्यात गोळी. आधी शेवंतीची, मग स्वतःची. पुढं डॉक्टरांनी मात्रा दिवसाआड केली, तेव्हापासून ती कॅलेंडरवर खुणा करते. रक्त तपासायची तारीखही तीच लक्षात ठेवते. उन्हानं त्रास वाढतो, म्हणून शेवंतीचं फिरणं उजाडायच्या आत. जिन्यात कुणी बिचकलं तर आई आपल्या हिंदीत सांगते, 'लगता नहीं जी ये किसी को.'

अजूनही मधूनच नाकावर एखादी खपली दिसते आणि पोटात धस्स होतं. कधी मात्रा वाढवावीही लागते. ज्यांच्या घरी असं मुकं जनावर आहे, त्यांना माझं एवढंच सांगणं, की माझ्यासारखा तेलावर महिना घालवू नका आणि गोळी आपल्या मनानं बंद करू नका.

हल्ली शेवंती सकाळी उंबऱ्याच्या आत, आईच्या पाटाशी बसलेली असते. आईच्या ते लक्षात आलेलं नाही. निदान ती तसं दाखवत तरी नाही.